बांधाचा दात

शिरूरच्या बाजारपेठेत सर दिसले की कापड दुकानदार आपला लोखंडी मीटर हळूच काउंटरखाली सरकवायचा. त्यानं माप मारलेलं असायचं असं नाही. पण सर एकदा दुकानात शिरले की पिशवीतून पोलादी टेप काढायचे, त्यावर तो मीटर आडवा ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवून निरखून बघायचे आणि म्हणायचे, "अर्धा मिलिमीटर जास्त हाय. दर मीटरमागं तुझंच कापड चाललंय."

"जाऊ द्या की सर, चालतंय," दुकानदार म्हणायचा, आणि तिथंच फसायचा. 'चालतंय' हा शब्द सरांना शिवीसारखा लागे. मग गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहायची आणि सर त्या बिचाऱ्याला अर्ध्या मिलिमीटरचं माहात्म्य समजावत बसायचे. मी बरोबर असले तर मुकाट्यानं समोरच्या रसवंतीत जाऊन बसायची. दुकानदार मलाही ओळखत होता आणि मला त्याच्याकडून ड्रेसचं कापड घ्यायचं असायचं.

सर म्हणजे शाळा-कॉलेजातले सर नव्हेत. शिरूरजवळच्या एमआयडीसीत, अगदी टोकाच्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. आरसे, भिंगं, ती बसवायच्या चौकटी, असलं नाजूक काम तिथं चाले. आधी ते पुण्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत होते. तिथं कुणीतरी एका मापातले दशांशापुढचे दोन आकडे गाळून 'चालतंय' म्हणालं, त्यावरून भांडण झालं आणि सर आपली पिशवी उचलून गावाकडं आले. गाव कवठे येमाई. आठवडाभर वर्कशॉप आणि रविवारी शेत, असा त्यांचा बारा महिन्यांचा नेम होता.

दौंडहून मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र बघितलंसुद्धा नाही. माझ्यापुढं तीन पट्ट्या ठेवल्या. एक लाकडी, एक प्लास्टिकची, एक पोलादी. म्हणाले, "ह्ये टेबल मोज." तीन पट्ट्यांनी तीन मापं आली.

"खरं कुठलं?"

पोलादी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्या घरी दोन घड्याळं होती, एक भिंतीवरचं आणि एक वडिलांचं मनगटी. वडील रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. दोन्ही घड्याळं कधी जुळायची नाहीत, आणि आई 'तुमचं पुढं' आणि वडील 'तुझं मागं' असं रोज सकाळी भांडायचे. ते आठवून मी म्हणाले, "यातली कुठली कशावरून तपासलीय ते कळल्याशिवाय कसं सांगणार?"

सरांनी पट्ट्या गोळा केल्या. "उद्यापास्नं ये. दौंडवरनं गाडी कितीला हाय?"

त्या दिवसापासून मी 'दौंडकर' झाले. हे माझं आडनाव नाही. सर माणसांना गावावरून हाक मारायचे, कारण आडनावं एकसारखी असतात आणि गाव चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. अपवाद फक्त मामांचा. मामा म्हणजे आमचे टर्नर. भांडगावचे. पाटसकडच्या साखर कारखान्यात त्यांची हयात लेथवर गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर सरांनी त्यांना अक्षरशः घरातून उचलून आणलं होतं. आठवडाभर ते शिरूरला खोली घेऊन राहायचे. वयानं सरांपेक्षा मोठे, बोलायला अगदी कमी. सर अख्ख्या तालुक्याच्या चुका काढत, पण मामांच्या कामाला त्यांनी कधी टेप लावला नाही.

आमच्याकडं डोंगरावरच्या एका वेधशाळेचं काम आलं ते मी लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी. काम होतं फणीचं. आईला मी सांगितलं, "आम्ही उजेडाची फणी करतोय." तिनं रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना सांगितलं, की लेक इंजिनिअर झाली आणि आता फण्या करते. पुढं कितीतरी दिवस शेजारच्या काकू मला 'लाकडाच्या का प्लास्टिकच्या' असं विचारत होत्या.

आईला मी समजावलं ते असं. ताऱ्याचा उजेड यंत्रातून पसरवला की रंगांचा एक लांब पट्टा दिसतो आणि त्यात काळ्या रेषा असतात. त्या ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरत असेल तर तो दिसत नाही, पण तो ताऱ्याला किंचित ओढतो. तारा जरासा पुढं येतो, जरासा मागं जातो, आणि त्या काळ्या रेषा जरा इकडं, जरा तिकडं सरकतात. ते सरकणं इतकं बारीक, की मोजायला अशी पट्टी लागते जी स्वतः तसूभरही हलत नाही. लेसरची फणी ही ती पट्टी. हजारो उजळ रेषा, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर, आणि ते अंतर अणुघड्याळाला बांधलेलं. फणीचे दात मात्र फार दाट निघतात, यंत्राला ते वेगळे दिसत नाहीत. म्हणून दोन आरसे समोरासमोर ठेवून मधले दात गाळायचे आणि ठरावीक अंतरानं एकेकच ठेवायचा. ही गाळणी करणं हे आमचं काम. आणि त्या दोन आरशांमधलं अंतर धरून ठेवणारी धातूची नळी करणं हे मामांचं.

आई म्हणाली, "म्हणजे विरळ फणी." मी म्हटलं, हो, तेच.

फणी यायच्या आधी असल्या कामाला थोरियमचा दिवा वापरत. त्याच्या रेषा ओळखीच्या, पण वेड्यावाकड्या अंतरावर, आणि दिवा जुना होत जातो. सर त्याला 'म्हातारी' म्हणायचे. एक म्हातारी आमच्याकडंही होती. मला वाटलं, आता फणी आली, हिला अडगळीत टाकू. सर माझ्यावर असे उखडले की विचारू नका.

"फणीचा दात न् दात खरा हाय, कबूल. पर समदे सारखे दिसत्यात का न्हाई? मग ह्यो कितवा दात, त्ये कुणी सांगायचं? म्हातारीची रेघ बघायची, तिच्या पल्याडचा पहिला दात धरायचा, त्याचा नंबर गणितानं काढायचा आन् तिथनं पुढं मोजत जायचं. म्हातारी नसली तर तुझी फणी नुसती शोभेची."

सर वर्कशॉपमध्ये माझ्याशी आणि मामांशी असंच बोलत. पुण्याहून फोन आला की मात्र आवाज बदलून शुद्ध पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी. फोन ठेवला की पहिलं वाक्य, "काय भामटा माणूस हाय."

ऊसतोडीच्या दिवसांत वर्कशॉपसमोरून ट्रॅक्टर जायचे. मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि पुढं टेपवर गाणी. ट्रॅक्टर आला की जमीन हादरायची, आरसे थरथरायचे आणि पडद्यावरचे फणीचे दात नाचायला लागायचे. एकदा सर तरातरा बाहेर गेले आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरला त्यांनी ताऱ्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबा, तुमचा तारा काय वाळत न्हाई. माझा ऊस वाळतोय. जरा बाजूला व्हा." सर बाजूला झाले. आत येऊन म्हणाले, "त्याचं बरोबर हाय." मग मामांनी दगडी फरशीखाली स्कूटरच्या ट्यूबा हवा भरून घातल्या आणि आमचे आरसे ट्रॅक्टरच्या तावडीतून सुटले.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. लेथला हार, टेपला हार, म्हातारीलासुद्धा हार. आरशांच्या जवळपास हळदीकुंकू आणलं तर सर अंगावर यायचे. झेंडू सरांच्या शेतातून यायचा. पहिल्या वर्षी फुलं आणायला ते मला आणि मामांना कवठ्याला घेऊन गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चहा दिला आणि आम्ही शेतात गेलो. झेंडू असा फुलला होता की डोळे दिपावेत. मला मोजायची सवय लागलीच होती. मी सऱ्या मोजल्या.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"चाळीस," सर म्हणाले.

मी पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसच. सर चिडले. "चाळीस हायेत. जन्म गेला माझा या रानात."

काकू हसायला लागल्या. "अगं, त्ये बांधाची सरी धरत न्हाईत. मामंजींची, माझ्या सासऱ्यांची, रीत हाय ही. बांधालगतची सरी येणाऱ्याजाणाऱ्याची. वाटसरानं फूल तोडावं, कुणाच्या गाईनं तोंड घालावं, सांजच्याला देवाला कुणी न्यावं. आपण ती मोजायची न्हाई. मोजलं की हात आखडतो."

सगळ्या जगाच्या मापातल्या चुका काढणारा माणूस स्वतःच्या शेतात एक अख्खी सरी खातो, यावरून मी परतीच्या रस्त्यावर त्यांना भरपूर चिडवलं. ते खिडकीबाहेर बघत होते. वर्कशॉपच्या पूजेला जी फुलं आणली ती त्याच सरीतली होती, हे मला मागाहून कळलं.

फणी तयार झाली त्या हिवाळ्यात वेधशाळेच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. दोन दिवस. फणी पास झाली तर डोंगरावर जाणार, नाहीतर परदेशातून मागवायची असं ठरलेलं होतं. आमच्याकडं दुसरं मोठं काम नव्हतं. फणी नापास झाली तर वर्कशॉप बंद करावं लागेल, हे सरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण मामांना ते माहीत होतं आणि त्यांनी मला बसस्टँडवर सांगितलं होतं.

मॅडम यायच्या आधी दातांचे नंबर लावायचे होते. हे काम कॉम्प्युटरही करतो, पण पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यानं व्हायला हवं असा सरांचा हट्ट. पडद्यावरचं सगळं चित्र आम्ही लांबच लांब कागदावर छापून भिंतीला लावलं. त्यावर म्हातारीची रेघ आणि पुढं फणीचे दात. सर पट्टीच्या टोकानं एकेक दात दाखवत मोजत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. पुढं म्हातारीची दुसरी रेघ आली, तिथून पुन्हा नव्यानं नंबर काढून मोजलं. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळले. सरांनी वहीवर सही केली. मीही केली.

पहिला दिवस छान गेला. मॅडम शांत स्वभावाच्या, मोजक्या बोलणाऱ्या. दात किती स्थिर आहेत ते त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघितलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सूर्याची परीक्षा होती. शेडच्या पत्र्यावर एक भिंग बसवलं होतं, त्यातून सूर्याचा उजेड काचेच्या तारेनं आत यंत्रात आणायचा आणि सूर्याच्या काळ्या रेषा आपल्या फणीवर मोजायच्या. सूर्याच्या रेषा कुठं असायला हव्यात हे सगळ्या जगाला माहीत आहे.

मॅडमनी आकडे बघितले. पुन्हा बघितले. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या फणीनुसार सूर्य आपल्यापासून सेकंदाला दहा-बारा किलोमीटरनं दूर चाललाय."

मला हसू फुटलं आणि लगेच मी तोंड दाबलं. सर पांढरेफटक पडले होते.

पुढचे दोन तास मला आठवायला आवडत नाहीत. सर पत्र्यावर चढले, भिंग पुसलं. काचेची तार बदलली. अणुघड्याळ बंद करून चालू केलं. सूर्य दूरच चालला होता. मग ते मामांकडं वळले.

"मामा, नळी लेथवर घेताना घाई झाली का?"

"न्हाई."

"गरम असताना मापली असंल."

"चाळीस वर्सं लेथवर हाय मी, सर."

"चाळीस वर्सं झाली म्हंजी चूक व्हत न्हाई, असं कुठं लिवलंय?"

शेडमध्ये मॅडम होत्या, मी होते. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुंटीवरचा जेवणाचा डबा घेतला आणि बाहेर लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडला नाही. मला भयंकर राग आला होता. नळी चुकली तर दात पुसट होतात, सरकत नाहीत. हे मला सरांनीच शिकवलं होतं. म्हणजे ते बोलत होते ते खोटं आहे हे त्यांनाही कळत होतं, आणि तरी ते बोलले.

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या. सर खुर्चीत डोकं धरून बसले. मी भिंतीवरच्या कागदाजवळ गेले आणि काहीतरी करायचं म्हणून दात मोजायला लागले. म्हातारीच्या पहिल्या रेघेपासून. माझा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा एकानं जास्त आला. दुसऱ्या रेघेपासून मोजलं, तिथंही एकानं जास्त. दोन्हीकडं चूक सारखी होती, म्हणूनच दोन्ही हिशेब जुळले होते. आणि एका दाताची चूक म्हणजे सेकंदाला दहा-बारा किलोमीटर. मला कवठ्याची एक्केचाळिसावी सरी आठवली.

खरं सांगते, माझ्या मनात आलं की कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एकाचा फरक करावा. सूर्य परत येईल. तारेचा कुठंतरी ढिला जोड होता म्हणून सांगता येईल. सरांचं नाव राहील, वर्कशॉप राहील, आणि कुणाला काही कळणार नाही. मी कीबोर्डजवळ गेलेही होते. पण खिडकीतून लिंबाखाली मामा दिसत होते, मांडीवर बंद डबा घेऊन. जोड ढिला होता असं सांगितलं असतं तरी नळीबद्दल बोललेलं तसंच राहिलं असतं.

"सर," मी म्हटलं, "एकदा माझ्यासमोर दात मोजता?"

"दोनदा मोजलेत."

"तिसऱ्यांदा मोजा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते उठले, खिशातली पट्टी काढली आणि कागदासमोर उभे राहिले. म्हातारीच्या रेघेवरून पट्टीचं टोक उचललं आणि सरळ दुसऱ्या दातावर ठेवलं. "एक," ते म्हणाले.

मी पहिल्या दातावर बोट ठेवलं. "आणि हा, सर?"

"ह्यो बांधा..."

आणि ते थांबले. पट्टी हातातच होती. त्या दातावरून बोट काढायची मला हिंमत होत नव्हती. मग त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. लिंबाखाली, मामांसमोर.

"मामा, बांधाची सरी सोडली मी."

मामांना उमगायला जरा वेळ लागला. त्यांनीही ते रान बघितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आन् नळी?"

"नळी सोळा आणे हाय. माझी जीभ चुकली. डोकं बी चुकलं."

मामांनी डब्याचं झाकण काढलं. "बसा मंग. भाकरी गार झाली."

सरांनी मामांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि मगच आत येऊन मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाले, "फणी खरी हाय मॅडम. मोजणारा चुकला." मी नंबरात एकाचा फरक केला आणि सूर्य परत आला. सगळाच आला नाही, थोडासा फरक राहिला. मॅडमनी भुवया उंचावल्या. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दुपार कलायला लागली होती.

"दुपारचं शिरूर सूर्यापास्नं लांबच जात असतंय," ते म्हणाले. "पृथ्वी फिरती का न्हाई?"

मॅडमनी कागदावर आकडेमोड केली. राहिलेला फरक तेवढाच होता. दिवसभरात पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या, आणि आम्ही सगळेच हसलो, मामासुद्धा.

फणी पास झाली. अहवालात ती चूक लिहायची गरज नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं, कारण जुळवणीच्या काळातली चूक होती आणि दुरुस्तही झाली होती. सर हट्टाला पेटले. "पट्टी करणाऱ्याची चूक लपवली तर ती पट्टी कुणी कशाला मानायची?" शेवटी मॅडमनी लिहिली. वर म्हणाल्या, की उद्या दुसरा कुणी मोजायला बसला तरी हा दात सुटता कामा नये, त्याची व्यवस्था करा. सरांनी माझ्याकडून व्यवस्था करून घेतली. आता डोंगरावर रोज यंत्र सुरू करताना पडद्यावर पहिला प्रश्न येतो, 'बांधाचा दात धरला का?' आणि खाली 'हो', 'नाही'. 'हो' दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा प्रश्न इंग्रजीत लिहू या, असं मी सुचवलं. सर म्हणाले, "इंग्रजीत बांध न्हाई." मॅडमनी तसंच राहू दिलं. शेतातली बांधाची सरी मात्र सरांनी कधी मोजली नाही. "पट्टीत धरायची, रानात न्हाई," म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी मी एसटीतून उतरून शेडमध्ये पाय ठेवला की त्यांचा आवाज यायचा, "काय दौंडकर, सूर्य जागेवर हाय का?" मी म्हणायची, "जागेवर आहे, सर." पावसाळ्यात दिवस-दिवस सूर्य दिसायचा नाही तेव्हाही हे चालायचं. मला त्याचा कंटाळा आला होता. कधीकधी मी उत्तरच द्यायची नाही, आणि ते दुसऱ्यांदा विचारायचे. आज वाटतं, प्रत्येक वेळी पहिल्याच हाकेला उत्तर द्यायला हवं होतं.

सर गेले त्याला वर्ष होऊन गेलं. वर्कशॉप आता मी आणि मामा बघतो. मामांचे डोळे मंदावलेत, पण हात तसाच आहे. कापड दुकानदारानं सर गेल्याचं ऐकून दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. परवा मी गेले तर मीटर काउंटरवरच होता. मी टेप काढून मापला. अर्धा मिलिमीटर जास्तच निघाला, आणि ड्रेसचं कापड मी त्याच मीटरनं मापून घेतलं.

या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फुलं आणायला मी कवठ्याला गेले. काकू शेतात होत्या. झेंडू तसाच फुललेला. मी सऱ्यांच्या कडेला उभी होते तेवढ्यात डोंगरावरून फोन आला. वेधशाळेत नवा ऑपरेटर आलाय, लांबच्या कुठल्यातरी राज्यातला. अडखळत बोलत होता.

"मॅडम, स्क्रीन पे रोज़ वो सवाल आता है. मैं 'हो' दबा देता हूँ. पर ये बांध होता क्या है?"

मी बांधावरच उभी होते. खाली गवत, एका बाजूला शेजाऱ्याचा कांदा, दुसऱ्या बाजूला ती सरी. कुणीतरी सकाळीच फुलं तोडून नेलेली दिसत होती.

"खेत का किनारा," मी म्हटलं. "वहाँ से गिनती शुरू होती है."

"अच्छा. तो इसको अंग्रेज़ी में कर दूँ? नया अपडेट आ रहा है."

"नहीं," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, काकूंनी वळून बघितलं. "वैसे ही रहने दो. और सुनो, सूरज अपनी जगह पे है ना?"

तो गोंधळला. मग कळ दाबल्याचा आवाज आला. "जी मॅडम. आज सुबह का टेस्ट किया है. अपनी जगह पे है."

काकू फुलांचा पदर सावरत जवळ आल्या. "कुणाचा फोन व्हता?"

"डोंगरावरून. सरांची फणी तपासत होते. सूर्य जागेवर आहे म्हणाले."

काकूंचे डोळे भरले, पण त्या हसत होत्या. "धर पिशवी," त्या म्हणाल्या. मी पिशवी उघडी धरली. त्या बांधाच्या सरीतली फुलं ओंजळी-ओंजळीनं टाकायला लागल्या. दुसऱ्या ओंजळीला माझे ओठ हललेले त्यांनी बघितले.

"मोजू नगंस," त्या म्हणाल्या.

मी तोंड फिरवून कांद्याकडं बघत उभी राहिले, पिशवी भरेपर्यंत.